‘अशनी’ हाती घेताना : परवान्याचे परवडणारे पिस्तूल आणि मैदानावरचा पहिला सराव

सातारा-सांगली, खास प्रतिनिधी

कृष्णाकाठच्या या दोन्ही जिल्ह्यांत शस्त्र परवाना हा सुरक्षिततेइतकाच प्रतिष्ठेचाही विषय मानला जातो. अपशिंगे (मिलिटरी) या गावातून पहिल्या महायुद्धात लढायला गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. देशातील पहिल्या सैनिकी शाळांपैकी एक २३ जून १९६१ रोजी साताऱ्यातच सुरू झाली. सैन्यातून निवृत्त होऊन सुरक्षारक्षकाची नोकरी पत्करणारे जवान, सांगलीच्या बाजारपेठेतील सराफ आणि हळदीचे व्यापारी, गलाई व्यवसायानिमित्त देशभर पांगलेली खानापूर-आटपाडीकडची कुटुंबे, बांधकाम व्यावसायिक आणि राजकीय कार्यकर्ते अशा नाना प्रकारच्या मंडळींना परवान्याचे आकर्षण असते. जून २०२३ मध्ये सांगली-मिरज रस्त्यावरील एका सराफी दालनावर भरदिवसा सशस्त्र दरोडा पडला, तेव्हा व्यापाऱ्यांच्या सुरक्षेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला होता.

परवाना मिळाला की पुढचा प्रश्न कोणते शस्त्र घ्यायचे हा. त्यानंतरचा आणि खरे तर अधिक महत्त्वाचा प्रश्न ते चालवायला शिकायचे कोठे हा. पहिल्या प्रश्नाची चर्चा कट्ट्याकट्ट्यावर होते. दुसऱ्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. वर्षानुवर्षे कपाटात पडलेले आणि एकदाही मैदानावर न चाललेले पिस्तूल हे संरक्षणाचे साधन नसून घरातला एक धोका असतो. सर्वसामान्य परवानाधारकाला परवडणाऱ्या स्वदेशी पिस्तुलाची आणि त्याच्या पहिल्या सरावाची ही ओळख.

‘अशनी’ म्हणजे काय?

संस्कृतात ‘अशनि’ म्हणजे वज्र किंवा वीज. मराठीत ‘अशनिपात’ हा शब्द त्यातूनच आला. सरकारी आयुध निर्माणींनी नागरी परवानाधारकांसाठी तयार केलेल्या .३२ बोअरच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाला हे नाव देण्यात आले. पूर्वी या निर्माणी आयुध निर्माणी मंडळाच्या अखत्यारीत होत्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी हे मंडळ विसर्जित होऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या. लहान शस्त्रांचे उत्पादन त्यांपैकी कानपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या कंपनीकडे गेले. काडतुसांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. पुण्यातील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा असून ‘केएफ’ ही त्याची छाप परवानाधारकांच्या चांगल्या परिचयाची आहे.

‘परवडणारे’ हा शब्द येथे सापेक्ष अर्थाने घ्यावा लागतो. स्वदेशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर यांच्या किमती साधारणपणे लाखाच्या घरात असतात. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून बाजारात आणलेल्या ‘निर्भीक’ या हलक्या रिव्हॉल्व्हरची किंमत १ लाख २२ हजार रुपयांवर होती, यावरून कल्पना यावी. तरीही ती स्वस्त वाटण्याचे कारण आयातबंदीत आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद आहे. नामांकित नेमबाजांना त्यातून सवलत मिळते. साहजिकच बंदीपूर्वी देशात आलेली जुनी विलायती पिस्तुले हातोहाती फिरत राहिली आणि त्यांचे भाव कित्येक लाखांवर गेले. त्यांच्या तुलनेत नवे, हमीचे आणि सुटे भाग मिळण्याची शक्यता असलेले देशी पिस्तूल मध्यमवर्गीय परवानाधारकाच्या आवाक्यात येते.

.३२ बोअरच का?

९ मि.मी., .३८, .४५५ यांसारखे बोअर आपल्याकडे ‘प्रतिबंधित’ या वर्गात मोडतात. सैन्य व पोलिस दलाच्या शस्त्रांचा दारूगोळा नागरी शस्त्रांना चालू नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे सामान्य परवानाधारकासाठी लहान शस्त्रांत .३२ हाच व्यवहार्य पर्याय उरतो.

हे काडतूस शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. अमेरिकन रचनाकार जॉन ब्राउनिंग याने १९ व्या शतकाच्या अखेरीस ते बेल्जियममधील एफएन कारखान्याच्या पिस्तुलासाठी घडविले. युरोपात ते ७.६५ मि.मी. ब्राउनिंग या नावाने ओळखले जाते. त्याची गोळी सुमारे ४.६ ग्रॅम वजनाची असते आणि नळीतून सेकंदाला पावणेतीनशे ते तीनशे मीटर वेगाने बाहेर पडते.

‘ब्राउनिंग’ हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासातही कोरलेले आहे. १९०९ च्या आरंभी स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत २० ब्राउनिंग पिस्तुले गुप्तपणे भारतात पाठविली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. रंगमंचावर त्या रात्री ‘संगीत शारदा’ होते आणि त्याचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. पुढे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने ज्या सातारा जिल्ह्यात इंग्रजी सत्तेला आव्हान दिले, त्यात आजचा सांगली जिल्हाही होता. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने निःशस्त्र केलेल्या समाजाला त्या काळी एकेक पिस्तूल मिळविणे किती दुष्कर होते, हे या भागातील जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींतून दिसते. आजचा १९५९ चा कायदा स्वतंत्र देशाचा असला, तरी शस्त्र हा नागरिकाचा हक्क नसून शासनाने अटींवर दिलेली परवानगी आहे, ही भूमिका त्यात कायम आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३२ पिस्तूल यांची काडतुसे एक नव्हेत. पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी १७ मि.मी. लांबीची, तर कानपूरच्या रिव्हॉल्व्हरला लागणारे काडतूस त्याहून बरेच लांब असते. दोन्हींवर ‘.३२’ हाच आकडा असल्याने नवखा खरेदीदार गोंधळतो.

अर्धस्वयंचलित म्हणजे नेमके काय?

या शब्दाबद्दल बराच गैरसमज आहे. चाप दाबून धरला की गोळ्यांची सरबत्ती सुरू होते ती स्वयंचलित शस्त्रांत. अर्धस्वयंचलित पिस्तुलात चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते. मात्र पुंगळी बाहेर फेकणे, पुढचे काडतूस नळीत चढविणे आणि पुन्हा झाडण्यास सज्ज होणे ही कामे पिस्तूल स्वतः करते. .३२ पिस्तुलात ही किमया अगदी साध्या तत्त्वावर होते. गोळी पुढे जाते त्याच वेळी तिला ढकलणारा वायू पुंगळीला मागे रेटतो. वरचा जड पोलादी भाग म्हणजे स्लाइड आणि तिची स्प्रिंग हा रेटा झेलतात. स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी उडते. स्प्रिंग तिला पुढे ढकलते आणि जाता जाता मुठीतल्या मॅगझिनमधील सात-आठ काडतुसांपैकी वरचे काडतूस नळीत शिरते.

सर्वांत मोठा धोकाही याच रचनेत दडलेला आहे. रिव्हॉल्व्हरचे चक्र बाजूला काढले की सर्व काडतुसे डोळ्यांना दिसतात. पिस्तुलाचे मॅगझिन काढून हातात घेतले, तरी नळीत आधीच चढलेले एक काडतूस तेथेच राहते. ‘मॅगझिन काढले होते, पिस्तूल रिकामेच होते’ अशा समजुतीतून साफसफाई करताना गोळी सुटण्याचे प्रकार जगभर घडतात. म्हणून क्रम कधीही चुकता कामा नये. नळी सुरक्षित दिशेला धरून आधी मॅगझिन काढायचे, नंतर स्लाइड पूर्ण मागे ओढायची, मग नळीचे तोंड डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढून नंतर मॅगझिन काढले, तर नवे काडतूस नळीत चढलेले असते.

मैदानावरचा पहिला अनुभव

एअर पिस्तूल किंवा .२२ च्या क्रीडा पिस्तुलाची सवय असलेल्या व्यक्तीने .३२ चे छोटे पिस्तूल हाती घेतले की पहिली जाणीव होते ती आकाराची. वजन पाऊण किलोच्या आसपास असले, तरी मूठ आखूड असते. मोठ्या पंजाच्या माणसाची करंगळी मुठीखाली लोंबकळत राहते. दुसरी जाणीव स्लाइड ओढताना होते. साध्या रचनेच्या पिस्तुलात मागचा सारा रेटा स्प्रिंगलाच झेलायचा असल्याने ती ताठ असते. बोटांत ताकद कमी असलेल्यांना ती ओढणे जड जाते. ज्येष्ठ नागरिकांनी व महिलांनी खरेदीपूर्वी एवढी एक गोष्ट रिकाम्या शस्त्रावर विक्रेत्याकडे पडताळून पाहावी.

तिसरी जाणीव चापाची. २५ मीटर क्रीडा पिस्तुलाच्या स्पर्धेत चापाचा किमान ताण १००० ग्रॅम आणि १० मीटर एअर पिस्तुलात ५०० ग्रॅम इतकाच असतो. संरक्षणासाठीच्या पिस्तुलाचा चाप त्याहून कितीतरी जड ठेवतात आणि तो तसाच असायला हवा, कारण घाबरलेल्या माणसाच्या बोटाखाली हलका चाप घात करतो. पण जड चाप ओढताना संपूर्ण मनगट वळते आणि गोळी लक्ष्याच्या खाली व एका बाजूला जाते. उजव्या हाताने झाडणाऱ्या नवख्याच्या गोळ्या खाली-डावीकडे गोळा झालेल्या दिसल्या, तर दोष बहुधा पिस्तुलाचा नसून बोटाचा असतो.

नेम धरण्याची साधने म्हणजे पुढची माशी आणि मागची खाच. खिशातून चटकन निघावे म्हणून या पिस्तुलांवर ती अगदी बुटकी आणि स्थिर असतात. अंधूक प्रकाशात ती दिसतच नाहीत. डोळ्याने एकाच वेळी लक्ष्य, माशी आणि खाच स्पष्ट पाहणे शक्य नसते. नजर माशीवर ठेवायची आणि लक्ष्य थोडे धूसर दिसू द्यायचे, हा नेमबाजीचा पहिला धडा येथेही लागू पडतो.

मग पहिली गोळी सुटते. तिचा धक्का अपेक्षेहून सौम्य असतो. दचकवतो तो आवाज. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि कानाच्या आतील नाजूक पेशींना एकाच दणक्यात कायमची इजा करू शकतो. कर्णरक्षक लावल्याशिवाय आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय मैदानावर उभेच राहू नये. उडालेली तप्त पुंगळी कपाळावर किंवा सदऱ्याच्या गळ्यात पडते, तेव्हा दचकून पिस्तुलाची नळी इकडेतिकडे वळणे हा खरा अपघात. त्यासाठी गळाबंद सदरा आणि पुढे छज्जा असलेली टोपी ही साधी खबरदारी पुरते. दोन्ही हातांनी पकड घेताना एक अंगठा स्लाइडमागे राहिला, तर मागे येणारी स्लाइड तो सोलून काढते. दोन्ही अंगठे एकाच बाजूला, स्लाइडच्या खाली हवेत.

पहिल्या दहा-वीस गोळ्यांचा निकाल बहुतेकांना खट्टू करतो. चित्रपटांत पन्नास पावलांवरून बाटली फुटते. प्रत्यक्षात सात मीटरवरील वहीच्या पानाएवढ्या कागदावर सर्व गोळ्या बसल्या, तरी नवख्याने समाधान मानावे. पिस्तुलाची नळी आखूड असल्याने हाताचा किंचित कंपही लक्ष्यावर वीतभर फरक पाडतो. पाच मीटरपासून सुरुवात करून गोळ्यांचा घोळका मुठीएवढा झाला की सात, मग दहा मीटरवर जावे. आवाजाच्या धास्तीने गोळी सुटण्याआधीच हात खाली दाबला जातो का, हे पाहण्यासाठी प्रशिक्षक काडतुसांमध्ये एखादे खोटे काडतूस मिसळतात. ते चापाखाली आले की गोळी सुटत नाही, पण हात हललेला मात्र सर्वांना दिसतो.

नव्या पिस्तुलात काडतूस अडकणे किंवा पुंगळी अर्धवट बाहेर राहणे हे प्रकार होऊ शकतात. सैल मनगट, कोरडी स्लाइड आणि मॅगझिनचे वाकलेले ओठ ही त्याची नेहमीची कारणे. चाप दाबूनही गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून किमान तीस सेकंद थांबावे, कारण दारू उशिरा पेटू शकते. ‘काय झाले’ म्हणून नळीत डोकावण्याचा मोह जिवावर बेततो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर गोळी नळीत अडकली असण्याची शक्यता असते. तेथेच थांबून तपासणी करवून घ्यावी.

सराव करायचा कोठे?

अडचण नेमकी येथे आहे. परवाना घरपोच येतो, मैदान येत नाही. शेतात, मळ्यात किंवा डोंगराच्या कडेला ‘एकदा आवाज काढून पाहू’ हा प्रकार या भागात नवा नाही. पण तो बेकायदा तर आहेच, शिवाय घातकही आहे. हवेत झाडलेली .३२ ची गोळी किलोमीटरभर अंतर तोडू शकते. लग्नात, मिरवणुकीत, विजयोत्सवात आनंदाने गोळीबार करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

सरावासाठी अधिकृत, परवानाप्राप्त मैदानच हवे. सांगलीकरांना जवळचे नेमबाजीचे मोठे केंद्र म्हणजे कोल्हापूर. तेथील दुधाळी मैदानाचे नाव राज्याच्या नेमबाजीशी जोडलेले आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिच येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले. राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवान येथे विश्वचषक स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्ण आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचे कांस्यपदक मिळविले. सातारकरांना पुण्यातील बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल गाठता येते. मात्र क्रीडा मैदानावर .३२ चे वैयक्तिक शस्त्र चालविण्यास मुभा आहे की नाही, हे तेथील व्यवस्थापनाला आधी विचारूनच निघावे. शस्त्र नेण्यापूर्वी परवान्यावरील क्षेत्राची मर्यादाही पाहावी.

पिस्तूल घेण्याआधी हात तयार करण्याचा सोपा मार्ग एअर पिस्तुलाचा आहे. .१७७ पर्यंतच्या बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. दहा मीटरवरील त्याच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मि.मी. व्यासाचे असते. त्यावर तीन-चार महिने घाम गाळलेल्या व्यक्तीला .३२ चे तंत्र चटकन साधते. श्वास, नजर आणि बोट यांची शिस्त दोन्हीकडे एकच.

कायद्याची चौकट

सातारा व सांगली येथे पोलिस आयुक्तालय नसल्याने परवान्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. पोलिसांचा चौकशी अहवाल त्यावर निर्णायक ठरतो. वयाची अट २१ वर्षे पूर्ण ही आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार अर्जदाराला शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण आणि घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. हे प्रशिक्षण म्हणजे कागदाची पूर्तता नव्हे, हे अर्जदारांनीच मनावर घ्यायला हवे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. काडतुसांची संख्या परवान्यात नोंदलेली असते. सरावात खर्च झालेल्या काडतुसांचा हिशेब ठेवावा, पुंगळ्या जपाव्यात. निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र पोलिस ठाण्यात जमा करावे लागते.

परवाना व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नव्हे. भावाने, मुलाने किंवा चालकाने ‘जरा धरून पाहणे’ हाही गुन्हा ठरू शकतो. आणि स्वस्ताईच्या नावाखाली गावठी कट्ट्याचा विचार तर मनातही आणू नये. मध्य प्रदेशच्या सीमेवरील उमर्टीसारख्या गावांतून येणारी देशी बनावटीची पिस्तुले स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखेच्या कारवाईत या दोन्ही जिल्ह्यांतही वेळोवेळी सापडतात. त्यांच्या नळीच्या पोलादाची कोणतीही चाचणी झालेली नसते. कायद्याचा फास तर असतोच, पण गोळी पुढे जाण्याऐवजी नळीच हातात फुटण्याचा धोकाही असतो.

लक्षात ठेवण्याजोगे

- प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजून हाताळावे.
- ज्यावर गोळी झाडायची नाही, त्या दिशेला नळी कधीही वळवू नये.
- नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे.
- लक्ष्याच्या मागे काय आहे, याची खात्री करूनच गोळी झाडावी.
- शस्त्र व काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत. किल्ली मुलांच्या हाती पडू नये.
- सरावानंतर शिशाचे कण पोटात जाऊ नयेत म्हणून साबणाने हात धुऊनच पाण्याला किंवा जेवणाला स्पर्श करावा.
- प्रत्येक सरावानंतर नळी स्वच्छ करून तेलाचा हलका हात फिरवावा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी तपासणी करावी.

पिस्तूल घ्यावे की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. जोखमीच्या व्यवसायातील माणसाला त्याची गरज भासू शकते आणि कायद्याने त्याची वाटही ठेवली आहे. मात्र लाखभर रुपये शस्त्रावर खर्च करणाऱ्याने वर्षातून चार दिवस मैदानासाठी काढण्याची तयारी ठेवावी. ती नसेल, तर त्याच पैशांत दुकानाला चांगले कुलूप, कॅमेरे आणि प्रशिक्षित रक्षक बसविणे अधिक शहाणपणाचे ठरेल.